पार्कमध्ये अडकलेली गाडी आणि बॉस केट

गॅदरिंगचा शेवटचा दिवस. बक्षीस समारंभ संपलेला, प्रमुख पाहुणे चहा घेऊन निघायच्या बेतात, आणि पोर्चमधली त्यांची ऑटोमॅटिक गाडी काही केल्या हलेना! किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं होतं. एसी चालू, गाणी चालू... पण गिअरचा दांडा पी वरून, म्हणजे पार्कवरून, खाली यायला तयार नाही. ड्रायव्हरने बटण दाबून जोर लावला. मग आमच्यातल्या दोघांनी लावला. दांडा जिथल्या तिथे.

आजूबाजूला मेकॅनिकलची चाळीस-पन्नास पोरं जमलेली, मग काय विचारता! एकाने गिअरबॉक्स गेल्याचं जाहीर करून टाकलं. दुसऱ्याने टॉर्क कन्व्हर्टरवर संशय घेतला (त्याला व्हायवात त्याच्यावरच प्रश्न आला होता). तिसरा तर क्रेनवाल्याचा नंबर शोधायला लागला. पाहुण्यांची गाडी चुकायची वेळ आली, प्राचार्यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात आमच्या ऑटोमोबाईल लॅबचे काका आले. ते दांड्याकडे गेलेच नाहीत. सरळ गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि ड्रायव्हरला ब्रेक दाबायला सांगितलं. मागचे लाल दिवे लागले नाहीत. काकांनी मान हलवली, फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं, एक फ्यूज उपसून उजेडाकडे धरला. आतली पट्टी तुटलेली होती. तेवढ्याच अँपिअरचा दुसरा फ्यूज बसवला. ब्रेक दाबला तसे मागचे दिवे लागले, दांड्यापाशी टिक असा बारीक आवाज झाला आणि दांडा लोण्यातून सुरी जावी तसा खाली आला. सगळा कार्यक्रम पाच मिनिटांचा!

आम्ही भावी इंजिनिअर एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

नंतर काकांनी समजावलं ते असं. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकवर पाय असल्याशिवाय दांडा पार्कमधून निघू नये अशी सोय केलेली असते. ब्रेक पेडलपाशी एक छोटा स्विच असतो. पेडल दाबलं की तो मागचे दिवे लावतो आणि दांड्याखालच्या सोलेनॉइडलाही खबर देतो. सोलेनॉइड एक खीळ मागे ओढतो आणि दांडा मोकळा होतो. फ्यूज उडाला तर दिवेही नाहीत आणि खीळही हलत नाही. म्हणजे गिअरबॉक्स ठणठणीत, इंजिन ठणठणीत, आणि काही रुपयांच्या तारेच्या तुकड्यापायी लाखो रुपयांची गाडी जागेवर!

मोटारगाडीत बॅटरी, तारा, स्विच आणि विजेवर चालणारे असे छोटे चाकर आले तरी कधी? हे शोधायला मी लायब्ररीत बसलो आणि ज्या माणसापाशी येऊन थांबलो त्याचं नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. दांड्याचं हे कुलूप त्याने केलेलं नाही, ते त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी आलं. पण किल्ली फिरवली की इंजिन सुरू होतं, ही गोष्ट त्याची. आणि काका ज्या रीतीने फॉल्टपर्यंत पोचले, ती रीतही त्याचीच म्हणायला हवी. मित्रांनो, या माणसाची गोष्ट आपण सगळ्यांनी वाचण्यासारखी आहे. त्याच्या यशासाठी तर आहेच, पण त्याच्या चुकांसाठी जास्त.

दुखरे डोळे आणि टेलिफोनचे खांब

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर तो वाढला. पाच भावंडांतला चौथा. डोळे लहानपणापासून अधू. थोडं वाचलं की डोकं ठणकायला लागायचं. तरी शिकला, आणि शिक्षण संपल्यावर एका खोलीच्या खेडेगावातल्या शाळेत मास्तर झाला. पुढे शिकायची हौस होती म्हणून कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. पण डोळ्यांनी दगा दिला आणि कॉलेज सोडून घरी यावं लागलं.

आपल्याकडे एखादा विषय राहिला तरी घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. याचं तर अख्खं कॉलेजच सुटलं! त्याने काय केलं? टेलिफोन कंपनीच्या गँगमध्ये खांबांसाठी खड्डे खणायचं काम धरलं. उघड्या हवेत अंगमेहनत करता करता डोळ्यांना आराम मिळाला, आणि तारा, बॅटऱ्या, स्विच यांच्याशी ओळख झाली. बघता बघता तो गँगचा फोरमन झाला. तिथेच अॅशलंड गावी ऑलिव्ह विल्यम्स भेटली, ती पुढे त्याची बायको झाली.

लाइनवरच्या कामाचा एक धडा पुस्तकात मिळत नाही. मैलोन् मैल तार पसरलेली असते आणि फोन बंद पडलेला असतो. फॉल्ट कुठेही असू शकतो. अशा वेळी अंदाज बांधत बसून चालत नाही. मधल्या एका खांबावर चढायचं, इथपर्यंत करंट येतो का ते बघायचं. येत असेल तर फॉल्ट पुढे, नसेल तर मागे. मग उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच. आमच्या काकांनी ब्रेक लाइट बघून नेमकं हेच केलं होतं.

डोळे जरा बरे झाल्यावर केटरिंग पुन्हा कॉलेजात गेला. वाचायचं काम खोलीतल्या मित्रांवर सोपवलं. ते मोठ्याने वाचायचे आणि हा ऐकून लक्षात ठेवायचा. १९०४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याला इलेक्ट्रिकलची डिग्री मिळाली.

गल्ल्याची मोटर

नोकरी लागली ती डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत, म्हणजे दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र बनवणाऱ्या कारखान्यात. तेव्हा हे यंत्र हाताने दांडा फिरवून चालवायचे. ते विजेवर चालवायचं काम केटरिंगकडे आलं. अडचण जागेची होती. एवढा जोर देणारी मोटर त्या छोट्याशा पेटीत मावणार कशी?

इथे त्याने एक साधी गोष्ट पाहिली. मोटर केवढी घ्यायची हे आपण सहसा ती दिवसभर सतत चालेल असं धरून ठरवतो, कारण सतत चालली तर ती तापते. पण गल्ल्याची मोटर दिवसभर चालतच नाही. गिऱ्हाइकाने पैसे दिले की क्षणभर फिरायचं आणि मग स्वस्थ बसायचं. तेवढ्या वेळात तिच्यावर झेपेल त्याच्या कितीतरी पट भार टाकला तरी तापायला सवड कुठे आहे? मग छोटी मोटर पुरते! यंत्र तयार झालं, बाजारात चाललं. हा मुद्दा मित्रांनो लक्षात ठेवा, पाच वर्षांनी तो पुन्हा येणार आहे.

त्याच कंपनीतले वरिष्ठ अधिकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागे धान्याचं एक कोठार होतं. १९०८ च्या सुमारास दोघांनी तिथे मोटारगाडीच्या इग्निशनवर काम सुरू केलं. संध्याकाळी आणि रविवारी, नोकरी सांभाळून. कंपनीतली आणखी काही मंडळीही यायला लागली आणि या टोळक्याला कोठार गँग असंच नाव पडलं. त्यांचं इग्निशन कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांना पसंत पडलं आणि हजारो सेटची ऑर्डर आली. १९०९ साली कंपनी स्थापन झाली. डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, तिचं आखूड नाव डेल्को. बॅटरीच्या डब्यांवर आपण हे नाव वाचलेलं असतं, ते इथून आलं.

हँडलची सुट्टी

त्या काळी गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभं राहून हँडल मारायचं. आपल्याकडेही जुन्या जीप आणि ट्रक हँडल मारून सुरू करणारे लोक गावोगाव होते. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे, इंजिनने मध्येच आधी स्फोट केला तर हँडल उलटं मारतं. मनगट मोडणं, हात मोडणं हे तर नेहमीचं. गाडी चुकून गिअरमध्ये राहिली असेल तर ती सुरू होताच हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर येणार! आणि ज्यांच्या अंगात तेवढा जोर नाही त्यांनी गाडी चालवण्याचा विचारच सोडायचा.

लेलँड यांच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी सांगतात. त्यांचे स्नेही आणि गाड्या बनवणारे बायरन कार्टर यांनी एका बाईंची बंद पडलेली गाडी सुरू करून द्यायला हँडल मारलं, ते उलटं फिरून जबड्यावर बसलं आणि त्यातच पुढे त्यांचा अंत झाला. या गोष्टीतल्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत, कार्टर वारले १९०८ साली आणि गोष्ट नंतरची सांगतात, म्हणून तिचे तपशील जसेच्या तसे घेऊ नयेत. पण हँडल ही जीवघेणी वस्तू आहे हे लेलँड यांच्या मनाने घेतलं होतं आणि त्यांनी ते काम केटरिंगकडे दिलं, एवढं खरं.

जाणकारांचं मत ठरलेलं होतं. इंजिन फिरवायला जेवढा जोर लागतो तेवढी मोटर घेतली तर ती इंजिनाएवढीच मोठी होईल, आणि तिला लागणारी बॅटरी वाहून न्यायला दुसरी गाडी लागेल. गणित अगदी बरोबर होतं! चुकला होता तो प्रश्न. गाडी सुरू करायला मोटर किती वेळ चालते? काही सेकंद. म्हणजे हा तर पुन्हा गल्लाच झाला!

केटरिंगने छोटी मोटर घेतली. फ्लायव्हीलवरच्या दात्यांमधून गिअर लावून तिचा जोर वाढवला. इंजिन सुरू झाल्यावर ते मोटरलाच गरागरा फिरवू नये म्हणून एकाच दिशेने धरणारा क्लच बसवला. त्याहून हुशारीची गोष्ट म्हणजे गाडी चालायला लागली की तेच यंत्र जनरेटर व्हायचं आणि बॅटरी चार्ज करायचं. सुरू करताना बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट, चार्ज करताना पॅरललमध्ये ६ व्होल्ट. पहिल्या वर्षाला आपण घोकलेलं सिरीज-पॅरलल ते हेच. बॅटरी आलीच आहे म्हटल्यावर विजेचे दिवेही आले.

फेब्रुवारी १९११ मध्ये हे यंत्र कॅडिलॅकवर बसवलं गेलं आणि १९१२ च्या मॉडेलवर ते कारखान्यातूनच येऊ लागलं. त्यासाठी कॅडिलॅकला इंग्लंडची मानाची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. थोड्याच वर्षांत हँडलचा जमाना ओसरला. बायकांना, वयस्कर माणसांना, कुणालाही गाडी एकट्याने सुरू करता येऊ लागली. पण मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. बॅटरी, जनरेटर, स्विच, तारा असा अख्खा संसार गाडीत कायमचा राहायला आला. पुढे गाडीत जे जे विजेचं आलं, अगदी तो दांड्याखालचा सोलेनॉइडसुद्धा, ते याच घरातलं.

फसलेलं इंजिन

१९१६ साली डेल्को विकली गेली आणि फिरत फिरत जनरल मोटर्समध्ये सामील झाली. १९२० पासून केटरिंग तिथल्या संशोधन विभागाचा प्रमुख झाला आणि १९४७ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षं, राहिला. हाताखालची माणसं त्याला प्रेमाने बॉस केट म्हणायची.

आता त्याची एक सपशेल नापासाची गोष्ट. पाणी आणि रेडिएटर लागणारच नाही असं हवेवर थंड होणारं इंजिन त्याला करायचं होतं. तांबं उष्णता झटकन वाहून नेतं म्हणून लोखंडी सिलिंडरला तांब्याच्या पात्या जोडायच्या. प्रयोगशाळेत गाडी छान धावली. १९२३ साली शेव्हरोलेने तसं मॉडेल काढलं आणि बोंबाबोंब झाली. गरम झाल्यावर इंजिनाची ताकद जायची, ठोके पडायचे. ज्या थोड्या गाड्या बाहेर पडल्या होत्या त्या सगळ्या कंपनीने परत मागवल्या. एक गाडी मन लावून हाताने बनवणं वेगळं आणि कारखान्यात हजारो बनवणं वेगळं. लॅबमधले आणि कारखान्यातले लोक एकमेकांशी नीट बोलतही नव्हते. केटरिंग इतका खचला की राजीनामा द्यायला निघाला. कंपनीचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी त्याची समजूत घालून त्याला थांबवलं.

थांबला ते बरं झालं. गाडीचा रंग वाळायला आठवडे लागायचे, तो वेळ काही तासांवर आणणारा ड्यूको रंग त्याच सुमारास ड्यू पाँट कंपनीबरोबर तयार झाला. मग १९३० च्या दशकात रेल्वेसाठी हलकं टू-स्ट्रोक डिझेल इंजिन आलं. १९३४ साली त्यावर धावलेल्या झेफर गाडीने डेन्व्हर ते शिकागो अंतर एका दिवसात, न थांबता कापलं आणि अमेरिकेत वाफेच्या इंजिनाचे दिवस भरत आले. या कामात केटरिंगचा मुलगा यूजीनही होता. त्याच घराण्यातली टू-स्ट्रोक इंजिनं पुढे भारतातही आली. १९६२ पासून आपल्या रेल्वेत दाखल झालेली डब्ल्यूडीएम-४ त्याच वंशातली, आणि १९९९ नंतरची डब्ल्यूडीजी-४ सुद्धा. तेव्हा डिझेल इंजिनाची मालगाडी फाटकातून जाताना जरा कान देऊन ऐका, आवाजात बॉस केट सापडेल!

जो फॉल्ट त्याने शोधला नाही

इथपर्यंतची गोष्ट नेहमीच्या थोरांच्या चरित्रासारखी आहे. लेख इथे संपवला असता तर छान झालं असतं. पण मग ती अर्धी गोष्ट झाली असती.

केटरिंगच्या बॅटरी इग्निशनवर तेव्हा एक आरोप होता की त्यामुळे इंजिनात ठोके पडतात, म्हणजे नॉकिंग होतं. तो आरोप खोटा ठरवायला त्याने १९१६ पासून थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरला कामाला लावलं. दोष इग्निशनचा नाही, इंधनाचा आहे हे त्यांनी दाखवून दिलं. पुन्हा तोच खांबावर चढून बघण्याचा खाक्या! मग इंधनात काय मिसळलं की ठोके थांबतील याचा शोध सुरू झाला. एकामागून एक पदार्थ तपासले. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड सापडलं. एक गॅलन पेट्रोलला चमचाभरही लागत नव्हतं आणि ठोके गायब. १९२३ साली डेटनमध्येच ते पंपावर विकायला आलं.

लेड म्हणजे शिसं. शिसं विषारी आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं असं समजू नका, ते शतकानुशतकं माहीत होतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या रिफायनरीत हे रसायन बनवणारे कामगार भ्रमिष्ट झाले, पाच जण मेले. त्याआधी डेटनमध्येही कामगारांचे बळी गेले होते. केटरिंग तेव्हा हे रसायन विकणाऱ्या एथिल कंपनीचा अध्यक्ष होता. १९२५ साली विक्री थांबवली, वॉशिंग्टनला मोठी बैठक झाली. कंपनीची बाजू मांडणाऱ्यांनी याला दुसरा उपाय नाही असं ठासून सांगितलं, त्यात केटरिंग होता. पण अल्कोहोल मिसळूनही ठोके थांबतात हे त्याच्याच लॅबने आधी तपासलेलं होतं! समिती नेमली गेली. बंदी घालण्याइतका पुरावा आज नाही, मात्र अभ्यास पुढे चालू ठेवावा असं तिने म्हटलं. विक्री १९२६ मध्ये सुरू झाली. पुढचा अभ्यास मात्र कित्येक वर्षं मुख्यतः याच धंद्याच्या पैशावर चालला.

पृथ्वीचं वय मोजणारे क्लेअर पॅटरसन यांना आपल्या प्रयोगात सगळीकडून शिसं घुसतंय हे लक्षात आलं आणि १९६५ साली त्यांनी माणसाच्या अंगात नैसर्गिकपेक्षा कितीतरी जास्त शिसं साठतंय हे मांडलं. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो हे नंतर पक्कं झालं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल १९९६ साली पूर्ण बंद झालं. आपल्याकडे १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच आलं. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, ते थांबायला २०२१ उजाडलं. एका डिसेंबरात सापडलेला उपाय निस्तरायला शंभर वर्षं!

फ्रिजमधल्या वायूचंही तसंच. जुने वायू विषारी किंवा ज्वलनशील होते म्हणून मिजलीने केटरिंगच्याच सांगण्यावरून फ्रिऑन शोधला. तेव्हा तो वरदान वाटला. त्याने ओझोनचा थर विरतो हे १९७४ मध्ये कळलं. त्या वायूबद्दल मी त्यांना फार दोष देणार नाही, कारण वातावरणाचं ते रसायनशास्त्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. शिशाचं तसं नाही. तिथे दिवा लागत नव्हता आणि तो समोर दिसत होता.

केटरिंग वाईट माणूस होता का? मला तसं वाटत नाही. स्लोन आणि तो, दोघांच्या नावाची कॅन्सर संशोधन संस्था १९४५ मध्ये न्यूयॉर्कला उभी राहिली. वर्गात शिकता शिकता कारखान्यात काम करायची शिक्षणपद्धत त्याने उचलून धरली. फ्लिंट गावातल्या तशाच एका इंजिनिअरिंग कॉलेजला १९९८ पासून त्याचं नाव आहे. १९४६ साली ऑलिव्ह गेली. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनमध्ये तो वारला तेव्हा तो ८२ वर्षांचा होता आणि त्याच्या नावावर दीडशेहून जास्त पेटंट होती.

मग चुकलं कुठे? माझ्या मते, त्याने फॉल्ट शोधणं मध्येच थांबवलं. इंजिनातले ठोके थांबले, काम झालं! धुराड्यातून बाहेर पडल्यावर ते शिसं कुठे जातं, हा खांब तपासायचा राहिला. जाणकारांचं गणित बरोबर पण प्रश्न चुकलेला, हे स्टार्टरच्या वेळी ज्याने पकडलं, त्याच माणसाने शिशाच्या वेळी स्वतःचा प्रश्न अर्ध्यात सोडला. त्यात धंदा होता, पेटंट होतं, स्वतःच्या इग्निशनची इज्जत होती. अशा वेळी पुढच्या खांबावर चढायला पाय उचलत नाहीत.

पुन्हा पोर्चमध्ये

आता परत आपल्या अडकलेल्या गाडीकडे. दांड्याला हे कुलूप का घातलं, याचंही उत्तर अशाच पुढच्या खांबावर आहे. स्टार्टर आला, हँडल गेलं, पण गिअरमध्ये राहिलेली गाडी सुरू होताच उडी मारते हा धोका राहिलाच. म्हणून ऑटोमॅटिक गाडीचा स्टार्टर पार्क किंवा न्यूट्रलमध्येच फिरावा अशी व्यवस्था आली आणि १९६८ पासून अमेरिकेत तो नियम झाला. मग १९८० च्या दशकात तिथे तक्रारी वाढल्या की पार्कमधून काढताच गाडी आपोआप सुसाट जाते. सरकारी तपासात १९८९ साली निघालं की बहुतेक वेळा ब्रेक समजून पाय अॅक्सिलरेटरवर पडत होता. चूक चालवणाऱ्याची आहे म्हणून फाइल बंद करता आली असती! पण ब्रेकवर पाय असल्याशिवाय दांडा सुटणारच नाही असं कुलूप गाड्यांत बसू लागलं, आणि सप्टेंबर २०१० पासून अमेरिकेत बनणाऱ्या सगळ्या हलक्या ऑटोमॅटिक गाड्यांना ते सक्तीचं झालं. गाडीत एकटी राहिलेली लहान मुलं दांडा ओढायची आणि गाडी घरंगळायची, तेही त्यामुळे थांबलं.

तेव्हा उद्या घरच्या ऑटोमॅटिक गाडीचा दांडा पार्कमध्ये अडकला तर काकांचा क्रम लक्षात ठेवा. दांड्याशी झटापट करू नका. हँडब्रेक ओढा. किल्ली ऑनवर आहे ना, बॅटरी मरगळलेली नाही ना, ते बघा. ब्रेक दाबून कुणाला तरी मागचे दिवे बघायला सांगा. दिवे लागत नसतील तर फॉल्ट फ्यूजमध्ये किंवा पेडलच्या स्विचमध्ये. फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घाला, आणि तोही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, वायरमनकडे जा. दिवे लागतात पण दांड्यापाशी टिक होत नसेल तर सोलेनॉइड किंवा त्याची वायर. टिक होतंय तरी दांडा हलत नसेल तर बटण, खीळ किंवा केबल यांत काहीतरी अडकलंय. बऱ्याचदा सांडलेल्या चहा-कोल्ड्रिंकचा चिकटा असतो! गाडी उतारावर असेल तर तिचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या पार्किंगच्या खिट्टीवर आलेलं असतं. म्हणून गाडी लावताना आधी न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग ब्रेकवरचा पाय सैल करायचा आणि शेवटी पार्क, ही सवय चांगली. अगदीच निकड असेल तर बऱ्याच गाड्यांत दांड्याशेजारी छोट्या झाकणाखाली कुलूप सोडवायची खाच असते. पायाने ब्रेक दाबून ठेवून तिथे किल्ली खुपसली की दांडा सुटतो.

पण इथे थांबलात तर बॉस केटची चूक कराल! खाचेत किल्ली खुपसून गाडी निघाली म्हणजे फॉल्ट गेला असं नाही. मागचे ब्रेक लाइट अजून बंदच आहेत. मागून येणाऱ्याला तुम्ही ब्रेक मारल्याचं कळणार नाही. आपला दांडा सुटला, आपलं काम झालं, आणि धोका मागच्या माणसाच्या गळ्यात!

त्या दिवशी पाहुणे वेळेवर स्टेशनला पोचले. निघताना काकांनी ड्रायव्हरला थांबवून आणखी तीनदा ब्रेक दाबायला लावला होता आणि तिन्ही वेळा स्वतः मागे जाऊन दिवे पाहिले होते. तेव्हा आम्ही हसलो होतो, गाडी तर सुरू झाली, आता काय बघायचं राहिलंय म्हणून. आता हसू येत नाही.

– टी. ई. मेकॅनिकल